साभार परत आलेलं भाषण

मांडवगणातल्या आमच्या एका पोराची कविता एका मासिकानं परत पाठवली. सोबत चिठ्ठी, 'साभार परत'. खाली सल्ला : शिव्या तेवढ्या काढा, मग बघू. पोरगं भीमेच्या काठाला, उसाच्या बांधावर तोंड पाडून बसलेलं. मी विचारलं, गड्या, 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचलंस का? म्हणाला, वाचलंय की. सुरुवातीची पत्रं? ती नव्हती वाचली. आपल्यातले बहुतेकजण ती गाळूनच पुढं जातात. म्हणून हे लिहितो.

डिसेंबर १९३५ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं. येवल्याच्या घोषणेला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. भाषण मुंबईत छापायला गेलं. मंडळाचे हर भगवान मुंबईला येऊन भेटून गेले आणि मागून त्यांचं पत्र आलं. पत्रावरची तारीख बघा : १४ एप्रिल १९३६! वाढदिवसाची ही भेट. वेदांचं नाव नको. मग २२ एप्रिलच्या पत्रात : धर्मग्रंथ मोडायची भाषा नको, हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण असंही म्हणू नका. जात तोडायची, पण ती ज्या खुंटीला टांगलीय त्या खुंटीला हात लावायचा नाही. २७ एप्रिलला बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. मंडळानं परिषदच बेमुदत पुढं ढकलली.

मग बाबासाहेबांनी पदरच्या खर्चानं १५०० प्रती काढल्या. किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या. जुलैमध्ये गांधीजींना 'हरिजन'मध्ये दखल घ्यावी लागली. किंमत कमी हवी होती, हेही त्यांनी त्यात लिहिलं. (छपाईचं बिल कुणी भरलं, ते मात्र विचारलं नाही.) १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख आणि त्यावरचं आपलं उत्तर, दोन्ही जोडलं.

आता समीक्षेचं बोलू. परिषद भरली असती तर भाषण झालं असतं, टाळ्या पडल्या असत्या, ठराव झाले असते, अहवाल कपाटात गेला असता. नकारानं या पुस्तकाचा घाटच बदलला. नाकारणाऱ्यांची पत्रं पुस्तकाच्या दारात येऊन बसली. भाषणात जे म्हटलंय, की सुधारक धर्मग्रंथापाशी आला की थबकतो, त्याचा पुरावा वाचकाला भाषणाआधीच मिळतो. तोही सुधारकांच्याच सहीनिशी. असा पुरावा बाबासाहेबांना स्वतः लिहून काढता आला नसता.

दुसरी गोष्ट भाषेची. छापताना त्यांनी भाषणाचा निबंध केला नाही. समोर सवर्ण श्रोते बसलेत, असंच शेवटपर्यंत ते 'तुम्ही' म्हणत राहतात. सभागृह नाही, श्रोते नाहीत, पण 'तुम्ही' आहे. आपण वाचतो तेव्हा कुणाचा तरी जबाब बाजूला उभं राहून ऐकतोय असं वाटतं. उच्चारलं न गेलेलं हे भाषण म्हणूनच अजून संपलेलं वाटत नाही.

पण मित्रांनो, मला एक धास्ती आहे. आपल्याकडं नकाराची पूजा सुरू झालीय. परत आलं म्हणजे थोरच असणार, असं काहीजण समजतात. चूक आहे ते. पुष्कळदा लिखाण कच्चं असतं म्हणून परत येतं. मंडळानं उपकारही केला नाही. लाहोरच्या श्रोत्यांनी हे समोरासमोर ऐकायला हवं होतं, भांडायला हवं होतं. ते नुकसान नुकसानच. आणि नकाराचं पुस्तक झालं ते आपोआप नव्हे. छपाई लाहोरला करावी असा मंडळाचा आग्रह होता. ते काम मुंबईत आपल्या हातात ठेवलं होतं, म्हणून नकार आला तेव्हा मजकूर दुसऱ्याच्या टेबलावर अडकला नाही.

त्या पोरानं संपादकाची चिठ्ठी चुरगाळून फेकली होती. शोधायला लावली. दप्तराच्या तळाशी निघाली. कवितेत दोन ओळी खरंच ढिल्या आहेत, त्या तो बघतोय. शिव्या राहतील. पुढच्या अंकात आधी चिठ्ठी, मग कविता.