‘ब्रिटिशकालीन’ या शब्दाच्या आड

जुन्या दगडी पुलांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात ‘ब्रिटिशकालीन’ हे विशेषण दोन उलट कामे करते. पूल उभा असला की ते कौतुक असते. पडला की तेच आरोपपत्र होते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना कमानींचा पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्यानंतर सर्वाधिक चर्चा झाली ती पुलाच्या वयाची. माझा आक्षेप या चर्चेला आहे. वय सांगितले म्हणजे कारण सांगितले असे होत नाही.

कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात आणि तो दाब पायावर उतरतो. म्हणून घडीव चिरा शतकभर टिकतो. धोका असतो तो पायाला. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून माती-वाळू उकरत जाते. वाळूउपशाने पात्र खोल गेले की हे काम आणखी सोपे होते. रस्त्यावरून यातले काहीच दिसत नाही. आपण मात्र कठडा रंगवतो आणि सांध्यांत सिमेंट थापतो. चुन्याच्या बांधकामात हे ताठर सिमेंट पाणी कोंडून धरते आणि दुरुस्तीच दुखणे होते.

ग्रीसच्या एपिरस या डोंगराळ प्रांतातला प्लाकाचा पूल १८६६चा. सुमारे ४० मीटरची त्याची मुख्य कमान फेब्रुवारी २०१५च्या पुरात पडली. तिथे अभ्यास करून तो पुन्हा दगडातच बांधला गेला. २०२०मध्ये कमान परत उभी राहिली. महाडला १६५ दिवसांत नवा काँक्रीटचा पूल झाला, आणि महामार्गासाठी तो योग्यच होता. प्लाकावरून माणसे चालत जातात, ट्रक नाही. ही तुलना स्मरणरंजनासाठी वापरू नये.

प्रश्न आडगावच्या ओढ्या-नद्यांवरच्या पुलांचा आहे. त्यांना ‘वारसा’ म्हणून हार घालणे आणि ‘धोकादायक’ म्हणून पाटी लावणे, दोन्हींत पुलाखाली उतरणे टळते. दर पावसाळ्यानंतर पाया तपासा, सांध्यांतली पिंपळाची रोपे मुळासकट काढा, दुरुस्ती चुन्यात करा, जड वाहनांना वेगळी वाट द्या. एवढे केले तर पूलही वाचेल आणि त्यावरून जाणारा माणूसही. या दोघांतून एकाची निवड करण्याची वेळ आपण आपल्या आळसाने आणतो.