विदूषकाची भाषा : योहान नेस्ट्रॉयचे नाट्यजीवन

नटाची कला नटाबरोबर जाते, हे सर्वमान्यच आहे. विनोदी नटावर तर दुहेरी अन्याय होतो. तो नाटककारही असला, तर त्याची नाटके म्हणजे त्याच्या अंगविक्षेपांची निमित्ते, असे समजून टीकाकार ती बाजूस सारतात. व्हिएन्नाचा नट, नाटककार आणि नाट्यगृहाचा संचालक योहान नेस्ट्रॉय (१८०१–१८६२) ह्याच्या वाट्याला दीर्घकाळ हेच आले. त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९१२ साली, कार्ल क्राउसने त्याचा कैवार घेतला आणि हा गल्ल्याचा विदूषक नसून भाषेचा कलावंत आहे, असे ठणकावून सांगितले. क्राउसचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु ते मराठी वाचकाने, विशेषतः शिक्षकाने, आपल्या अनुभवावर घासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

नेस्ट्रॉय हा वकिलाचा मुलगा. कायद्याचा अभ्यास सोडून १८२२ साली तो मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ ह्या संगीतिकेत सारास्ट्रोची धीरगंभीर भूमिका घेऊन रंगभूमीवर आला. पुढे ॲमस्टरडॅम, ब्रनो, ग्राट्स अशा ठिकाणी नोकऱ्या करताना त्याचे पाऊल संगीतिकेकडून विनोदाकडे वळले. १८३१ साली कार्ल कार्ल ह्या धूर्त नाट्यव्यवस्थापकाने त्याला व्हिएन्नात आणले. तेथे हा उंच, सडपातळ नट आणि बुटका, स्थूल वेन्त्सेल शोल्त्स ह्यांची जोडी जमली. दोघे शेजारी उभे राहिले, की तेवढ्यानेच प्रेक्षागृह हसू लागे.

१८३३ साली आलेल्या ‘लुम्पात्सिवागाबुंडुस’ने त्याचे नाव झाले. त्यात लॉटरी लागलेले तीन भटके कारागीर आहेत. सुताराचे नाव सरस, शिंप्याचे दोरा आणि चांभाराचे गुडघ्यावर जोडा आवळून धरण्याचा पट्टा, अशा अर्थाची ही नावे आहेत. चांभाराची भूमिका स्वतः नेस्ट्रॉयची. धूमकेतू पृथ्वीचा नाश करणारच, मग प्यायला काय हरकत, हे त्याचे तत्त्वज्ञान! हॅलेचा धूमकेतू १८३५ मध्ये यावयाचा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या हशामागची धास्तीही कळते. १८३५ च्या एका नाटकात त्याने रंगमंचाचे दोन मजले केले. वर धनिक, खाली दरिद्री, आणि दोन्हींकडचा व्यवहार एकाच वेळी चाललेला. नाट्यतंत्राची एवढी जाण असलेल्या लेखकास केवळ विदूषक म्हणणे कठीण आहे.

परंतु त्याचे खरे सामर्थ्य ‘तावीज’ (१८४०) ह्या नाटकात दिसते. नायक टीटुसचे केस तांबडे, म्हणून त्याला कोणी उभे करीत नाही. एका केशभूषाकाराकडून त्याला काळा टोप मिळतो आणि तो माळीणबाई, दासी, घरधनीण अशा पायऱ्या चढत जातो. प्रत्येक पायरीवर त्याची भाषा बदलते. लेखिका असलेल्या घरधनिणीपुढे तर तो असे अलंकारिक बोलू लागतो, की वाक्य संपेपर्यंत अर्थ हरवावा. म्हणजे टोप केसांना, तशी ग्रांथिक भाषा जिभेला. माणसाची किंमत त्याच्या बोलीवरून ठरविणाऱ्या समाजाचा इतका नेमका उपहास आमच्या वाचनात क्वचितच आला आहे.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. दशावतारातला संकासूर मालवणीत सूत्रधाराची फिरकी घेतो. तमाशातल्या सोंगाड्याचे उत्तम बोलणे संहितेत नसतेच. नेस्ट्रॉयही संहितेबाहेर बोले. एका टीकाकाराच्या नावावर त्याने रंगमंचावर ऐनवेळी कोटी केली आणि त्यापायी १८३६ साली त्याला पाच दिवसांची कैद भोगावी लागली. सेन्सॉरला कागद वाचता येत असे, नटाची भिवई वाचता येत नसे, हे त्याने पुरते ओळखले होते.

कथानके उसनी, हा त्याच्यावरील जुना आक्षेप. ‘तावीज’ फ्रेंच प्रहसनावरून, १८४२ चे ‘गंमत करायची आहे’ इंग्रजी फार्सावरून घेतलेले, हे खरे. परंतु मोलिएरची वस्तू घेऊन ‘संशयकल्लोळ’ मराठी करणाऱ्या देवलांना आपण उसनवार म्हणत नाही. मग हा निकष येथेच का? आमचा आक्षेप निराळा आहे. बोलताना कोणाचीही भीड न ठेवणारा हा लेखक शेवट करताना मात्र रूढीशी हातमिळवणी करतो. सेन्सॉरवर सगळा दोष टाकता येत नाही. सेन्सॉर उठलेल्या १८४८ च्या क्रांतिवर्षात लिहिलेल्या नाटकाचाही शेवट ठरलेल्या गोडीगुलाबीतच झाला आहे.

कार्लच्या मृत्यूनंतर १८५४ ते १८६० नेस्ट्रॉयने कार्ल नाट्यगृह चालविले. ऑफेनबाखच्या संगीतिका त्याने व्हिएन्नात आणल्या आणि १८६० साली त्यांतल्या एकीत ज्युपिटरची भूमिका केली. आपल्या प्रहसनाला मागे सारणाऱ्या नव्या प्रकाराला स्वतःच दार उघडून देणारा संचालक विरळा.

आमच्या सीमाभागातल्या शाळांत कन्नडच्या शेजाराने वळण घेतलेली मराठी घेऊन मूल येते, आणि वहीवर तांबडी रेघ ओढली जाते. प्रमाण मराठी शिकविलीच पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. परंतु ती मुलाला भाषा म्हणून द्यावयाची, की टोप म्हणून चढवावयाची, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा. टीटुस अखेर टोप काढतो आणि आपल्यासारख्याच तांबड्या केसांच्या बदके राखणाऱ्या मुलीचा हात धरतो. त्या वेळी प्रेक्षक हसतात खरे; पण ते टीटुसला नव्हे, टोपाला मान देणाऱ्यांना हसत असतात.