फुगडीचा दम

हुतुतूतील चढाई एका श्वासावर चालते. प्रतिपक्षाच्या अंगणात शिरलेल्या खेळाडूने शब्दाचा घोष अखंड ठेवायचा. घोष तुटला की तो बाद. फुगडीतही श्वासाची कसोटी असते. हातांची अढी, जुळलेली पावले, मागे झुकलेला देह आणि वेग वाढताच तोंडून सुटणारा पकवा. दोहोंत दम, तोल आणि लय यांचाच कस लागतो. तरीही आधुनिक महाराष्ट्राने एकाचे नियमपुस्तक केले आणि दुसरीची गाणी तेवढी संग्रहात ठेवली.

संतवाङ्मयाला हा भेद ठाऊक नव्हता. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू आणि फुगडी दोन्ही अध्यात्माची रूपके होतात. वारीच्या वाटेवर पुरुषही फुगडी घालतात. फाळणी झाली ती जिमखान्यांच्या काळात. १९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम बांधले गेले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बलोपासनेच्या या वातावरणात ‘मर्दानी खेळ’ हा शब्दप्रयोग गौरवाचा ठरला. बायकांचे खेळ मात्र ‘बायकांचे’च राहिले.

ते लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या हाती आले. सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांच्या संकलनांचे ऋण फार मोठे आहे. ती नसती तर ही गाणी बहुधा लोपली असती. परंतु त्यांवर पुढे जी समीक्षा झाली तिने सासर-माहेर, नणंद-भावजय हे विषयच प्रामुख्याने पाहिले. गाणारी स्त्री वाकून, उड्या मारीत, गिरकी घेत गात असते, ही गोष्ट अर्थनिर्णयात आलीच नाही. ओळ आखूड का, धृवपद पुन्हापुन्हा का, याचे एक उत्तर फुप्फुसांत आहे: समूहाने धृवपद उचलले की कथन करणारीला श्वास घ्यायला उसंत मिळते. छापील पानावर जी पुनरुक्ती कंटाळवाणी भासते, ती अंगणात विश्रांतीची जागा असते. शरीर वगळून केलेले वाचन या रचनांना कमी दर्जाच्या कविता ठरवते, आणि तो दोष वाचनपद्धतीचा आहे.

अर्थात, मंगळागौरीच्या जागरणाला निर्भेळ मुक्तीची रात्र मानणेही भाबडेपणाचे होईल. देह मोकळा करण्याची ती परवानगी व्रताच्या आडून, सौभाग्याच्या नावाने मिळे. लग्नानंतरची पाच वर्षे, श्रावणातले मंगळवार, नंतर उद्यापन. विधवेला त्या रिंगणात स्थान नव्हते. तिच्या दमाची नोंद गाण्यातही नाही. खेळण्याचा अधिकार नवऱ्याच्या आयुष्याशी जोडणारा असा नियम हुतुतूच्या कोणत्याही मैदानावर पुरुषाला कधी लागू झाला नाही.

अलीकडे मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धा होतात; परीक्षक, वेळ, गुण सारे असते. त्यातून रिंगण सार्वजनिक झाले, हा लाभ खराच. पण फुगडीत आजी आणि नात एकमेकींचे हात धरू शकतात आणि कोणी हरत नाही, हे गुणपत्रिकेत कोठे मांडायचे?

कबड्डीत पुरुषांना आशियाई क्रीडास्पर्धेत प्रवेश १९९० साली बीजिंगला मिळाला, स्त्रियांना २०१० साली ग्वांगझूला. वीस वर्षांनी का होईना, एका श्वासावर शब्द पेलणारा स्त्रीचा कंठ तेथे पंचाने कान देऊन ऐकला.