साडेआठ सेंटिमीटरचा पेपर

गेवराईत ऊस भरलेली डबल ट्रॉली शाळेला निघालेल्या पोरीच्या सायकलीला घासून जाते, तेव्हा मला इयान वॉकर यांचा २००७ चा पेपर आठवतो. बाथ विद्यापीठाच्या या मानसशास्त्रज्ञानं सायकलला सेन्सर लावून दोन हजारांवर ओव्हरटेक मोजले. निष्कर्ष काय, तर हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जातात. (प्रयोगात त्यांना एकदा बस आणि एकदा ट्रक धडकला. दोन्ही वेळा हेल्मेट डोक्यावर होतं!)

पेपर वाचाच, पण लगेच मान डोलवू नका. सायकलस्वार एकच, तोही स्वतः संशोधक, आणि काय शोधतोय हे त्याला ठाऊक. नोंदी हजारो असल्या तरी माणूस एकच ना? २०१३ मध्ये ऑलिव्हियर आणि वॉल्टर यांनी हाच डेटा पुन्हा तपासला. एक मीटरच्या आत येणाऱ्या गाड्या वेगळ्या काढल्या, तर हेल्मेटचा ठोस परिणाम दिसेना. वॉकर यांना ते पटलं नाही, वाद चालू आहे.

आपल्याकडं मात्र त्या पोरीच्या डोक्यावर हेल्मेटच नाही. इथला व्हेरिएबल साइडपट्टी. प्रोजेक्ट शोधताय ना? टेप घेऊन सोलापूर-धुळे रस्त्यावर या, तिथून सुरू करू.