‘गाळा’ : एका संज्ञेतील दोन संसार

‘गाळा’ हा शब्द मुळात वास्तुरचनेचा होय. दोन खांबांमधील मोकळी जागा म्हणजे गाळा. पुलाला गाळे असतात, तसे ओसरीलाही. त्या जागेत कोणी बिऱ्हाड करावे की दुकान थाटावे, याविषयी शब्द तटस्थ आहे. मुंबईच्या चाळींतून व पुण्याच्या वाड्यांतून रस्त्याकडील गाळे दुकानांकडे गेले, आणि राहत्या जागेसही गाळा म्हणण्याचा प्रघात पडला. म्हणूनच ‘निवासी गाळा’ व ‘दुकानाचा गाळा’ असा भेद विशेषण लावून सांगावा लागतो. एकाच इमारतीत नांदणारे रहिवासी व व्यापारी यांच्यामधील कलहाची चर्चा पुष्कळ होते. ती पाणी, धूर, आवाज व वाहने यांपुरतीच राहते. या कलहाला संज्ञेची म्हणून एक बाजू आहे, तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही.

१९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्टमधील ‘फ्लॅट’ची व्याख्या पाहावी. निवासाची स्वतंत्र जागा तीत येतेच. पण कार्यालय, दुकान, गोदाम, उद्योगधंद्याची जागा, इतकेच नव्हे तर गॅरेजही येते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील ‘अपार्टमेंट’ची व्याख्याही याच वळणाची आहे. कायद्याची ही व्यापकता हेतुपूर्वक आहे व खरेदीदाराच्या संरक्षणाकरिता ती आवश्यकही असेल. परंतु मराठीत ‘फ्लॅट’ची ‘सदनिका’ झाली आणि घोटाळा सुरू झाला. सदन म्हणजे घर. सदनिकेच्या पोटात गोदाम सामावते, हे मराठी कानाला पटत नाही. वरच्या मजल्यावरील गृहस्थ ‘ही राहती इमारत आहे’ असे ठासून सांगतो, तेव्हा त्याच्या पाठीशी व्याख्या नसते, हा शब्द असतो. तळमजल्यावरील मिठाईवाल्याच्या पाठीशी व्याख्या असते. दोघेही प्रामाणिकपणे बोलतात. पण बोलतात ते दोन निरनिराळ्या कोशांतून.

एका संज्ञेखाली आणलेल्यांना एका मापाने मोजणे ओघानेच येते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च, तिचा वापर होवो वा न होवो, ती ज्या इमारतीत आहे तेथील सर्व सभासदांवर सारखा बसतो. ज्याच्या दुकानाचे दार रस्त्यावर उघडते आणि ज्याला जिन्याची पायरीही चढावी लागत नाही, त्याला हा जुलूम वाटल्यास नवल नाही. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने प्रत्येक सभासदास एक मत दिले. तेव्हा चार दुकाने व चोवीस बिऱ्हाडे असतील तेथे सभेचा निकाल सभेपूर्वीच लागलेला असतो. वाड्यात मालक एक असे. त्याचा निवाडा न्याय्य असेच असे नाही, पण तो निवाडा असे. सभेत होते ती मोजणी.

ध्वनीच्या बाबतीत कायदा नेमका उलट टोकाला जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी व शांतता असे चार वर्ग आहेत. निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल. व्यापारी क्षेत्राची ६५ व ५५. मिश्र क्षेत्राला स्वतःचे माप नाही. अधिकाऱ्याने त्यास चारांपैकी एका वर्गात टाकावयाचे आहे. म्हणजे खाली भट्टी व वर पाळणा असलेल्या घराच्या वाट्याला रात्री ५० डेसिबेल आले, तर ते मर्यादेबाहेर की मर्यादेत, हे केवळ वर्गनाम ठरविते. जो कायदा मालकीच्या वेळी घर व दुकान यांत फरक करीत नाही, तोच आवाजाच्या वेळी त्यांचे एकत्र असणे नाकारतो.

तक्रारअर्जांची वाक्यरचनाही अभ्यासण्याजोगी आहे. रहिवासी लिहितो : ‘आम्हांस त्रास होतो’, ‘वास येतो’, ‘झोप लागत नाही’. अनुभव घेणारा चतुर्थीत. कर्ता कोणी नाही. दुकानदाराचे उत्तर प्रथमपुरुषी व सकर्मक : ‘आम्ही कर भरतो, परवाना घेतला आहे, धंदा करतो’. मराठीत दुःख होते आणि व्यवहार केला जातो, हे भाषेच्या स्वभावास धरूनच आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मधील सार्वजनिक उपद्रवास कोणाची तरी कृती किंवा बेकायदेशीर अकृती लागते. ‘वास येतो’ या वाक्यात ती सापडत नाही. ‘अमुक भट्टीचा धूर अमुक वेळेस आमच्या खिडकीत सोडला जातो’ असे लिहिणारा रहिवासी विरळा. आणि अर्ज निष्फळ ठरला की तो यंत्रणेला दोष देतो, वाक्याला नव्हे.

चाळीच्या बोलीत ‘खालचा वाणी’ असा शब्दप्रयोग होता. त्यात जागा होती, धंदा होता आणि उधारीच्या वहीमुळे थोडे आपलेपणही होते. वरच्या बिऱ्हाडांचा महिना त्याच वहीवर निघे. आता वरच्यांचे सामान दुसरीकडून येते आणि खालच्याचे गिऱ्हाईक दुसरीकडचे असते. संस्थेच्या नोटिशीत त्याचा उल्लेख ‘गाळेधारक क्रमांक २’ असा होतो.