कॅमेऱ्याने काय मोजले?

शिक्षकांच्या गैरहजेरीची चर्चा निघाली की राजस्थानातील एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. एस्तेर दुफ्लो, रेमा हॅना व स्टीफन रायन यांचा त्यावरील शोधनिबंध २०१२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. पैशाचे प्रोत्साहन उपयोगी पडते, हा त्याचा निष्कर्ष. तो खरा आहे. पण त्याची मर्यादाही पाहायला हवी.

उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ संस्थेच्या एकशिक्षकी शाळा होत्या. २००३ साली प्रयोगासाठी घेतलेल्या शाळांपैकी निम्म्या शाळांना कॅमेरे दिले गेले. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षकाचा मुलांसह फोटो काढायचा. महिन्याला २० दिवस भरले तर पगार १००० रुपये. वरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जास्त, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० कमी. मात्र ५०० रुपये नक्की. इतर शाळांत गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत २१. मुलांचे गुणही वाढले.

निबंधातील सर्वांत बोलकी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. महिनाअखेरीस ज्यांचे १० दिवसही भरणार नव्हते, त्यांना आले काय, न आले काय, ५०० रुपयेच मिळायचे. त्यांची हजेरी त्या दिवसांत कमी असे आणि नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एकदम वाढे. कॅमेरा तर दोन्ही दिवशी तोच होता! म्हणजे नुसत्या पाळतीने शिक्षक येत नव्हते. शिवाय, वर्गात असताना ते इतरांपेक्षा अधिक किंवा कमी शिकवत नव्हते. गुण वाढले ते शिकवण्याचे दिवस वाढल्यामुळे.

या शाळांना मुख्याध्यापकच नव्हते. केनियात अशाच एका योजनेत बक्षिसाचा निर्णय मुख्याध्यापकांच्या हाती दिला, तेव्हा त्यांनी हजेरी न पाहता सर्वांनाच पूर्ण रक्कम देऊन टाकली. यावरून मुख्याध्यापक निरुपयोगी ठरवणे सोपे आहे. मला वाटते, तेथे त्यांना फक्त हिशेबनीस केले गेले. सहकाऱ्याच्या तासाला मागे बसणे, प्रयोगशाळेची किल्ली सहज हाती देणे, फसलेल्या तासाबद्दल मोकळेपणाने बोलणे, ही त्यांची खरी कामे या प्रयोगांत मोजली गेली नाहीत.

२०१६ साली महाराष्ट्रात मुलांसह सेल्फी काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा उदयपूरमधला कॅमेरा तेवढा आठवला. त्यामागचे गणित मात्र विसरले गेले. शिक्षक शाळेत असणे ही पहिली पायरी झाली. पुढच्या पायऱ्यांचा फोटो निघत नाही.