स्टॉकहोमला गेलेली आपली माणसे

दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे जुने विद्यार्थी येतात. पूर्वी ते फराळाचा डबा आणीत. अलीकडे डब्याबरोबर कागदही आणतात. या कागदांत गेल्या काही वर्षांपासून एकाच शहराचे नाव मला वारंवार भेटू लागले आहे. ते शहर म्हणजे स्टॉकहोम. दोन लेख लहानशा दिवाळी अंकांत छापून आलेले, दोन नुसतेच टाइप केलेले, आणि एक पुरते पुस्तक होईल एवढे बाड. या बाडाला मी प्रस्तावना लिहावी अशी त्याच्या लेखकाची इच्छा आहे. ती प्रस्तावना मला जमलेली नाही. हा लेख जमतो का ते पाहतो.

आता, ज्याने स्टॉकहोम पाहिलेले नाही त्याने स्टॉकहोमवरच्या लिखाणाविषयी बोलावे काय, असा प्रश्न कोणी करील. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले आणि माझा प्रवास गाणगापूरपाशी. पासपोर्ट मी काढलेला नाही. परंतु प्रवासवर्णन लिहिले जाते ते न गेलेल्या माणसासाठीच. गेलेल्याला त्याची गरज काय? तेव्हा या वाङ्मयप्रकाराचा खरा वाचक मीच आहे, आणि माझी फसवणूक झाली तर ती बोलून दाखवण्याचा हक्कही माझाच आहे.

चाकणची माणसे स्टॉकहोमला जातात कशी, हे सांगितले पाहिजे. आमचे गाव कांद्या-बटाट्याच्या बाजाराचे आणि संग्रामदुर्गाचे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट शायिस्तेखानाविरुद्ध छप्पन्न दिवस झुंजवला, एवढ्यावर आम्ही तीन शतके अभिमानाने जगलो. पण पुण्याच्या या बाजूला स्वीडनचा शिरकाव जुना आहे. १९६० च्या आसपास दापोडीला सँडविक आणि अॅटलस कॉप्को आल्या, त्याच दशकात चिंचवडला बेअरिंगवाली एसकेएफ उभी राहिली, आणि २०१३ साली दुधाची खोकी बनवणाऱ्या टेट्रा पॅकने थेट चाकणला कारखाना घातला. या आणि अशाच कारखान्यांतून पोरे प्रशिक्षणाला तिकडे जातात. कोणी तीन आठवडे, कोणी सहा महिने. शिरूर-खेडकडची ही मुले, बहुतेकांच्या घरात पासपोर्ट हा पहिलाच. प्रवासवर्णनाला याहून उत्तम सामग्री कोणती?

आणि तरीही पाचांपैकी चार लिखाणे मी वाचून खाली ठेवली तेव्हा मला एकच लेख चार वेळा वाचल्यासारखे वाटले. विमानतळावरची शांतता, झेब्रा पट्ट्यावर थांबणाऱ्या मोटारी, चौदा बेटांवर वसलेले शहर, बुडालेले ‘वासा’ जहाज, नोबेलच्या मेजवानीचा दिवाणखाना, आणि मग ठरलेला सुस्कारा: ‘नाहीतर आपल्याकडे!’ हा सुस्कारा आला की लेखक निबंध संपवायला मोकळा होतो. तळेगाव चौकातल्या वाहतुकीला नावे ठेवायला मला स्टॉकहोमची साक्ष लागत नाही. मी तेथे रोज अर्धा तास उभा असतो. परक्या शहराची स्तुती करताना लेखक त्या शहराकडे पाहतच नाही, तो आपल्या गावावर रागावलेला असतो, आणि तो राग शहराच्या नावावर खपवतो.

पाहण्यातला हा आळस कसा उघडा पडतो पाहा. दोघांनी जूनच्या स्टॉकहोममध्ये ‘मध्यरात्रीचा सूर्य’ पाहिल्याचे लिहिले आहे. स्टॉकहोमला मध्यरात्रीचा सूर्य दिसत नाही. तो दिसायला आर्क्टिक वृत्तापलीकडे, किरुनासारख्या गावी जावे लागते. स्टॉकहोमला जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नंतर अंधार न पडता एक निळसर उजेड तेवढा रेंगाळतो. तो उजेड या दोघांनी प्रत्यक्ष पाहिलाच असणार. पण पाहिलेले सोडून त्यांनी ऐकलेले लिहिले. मला हे भूगोलाच्या चुकीपेक्षा गंभीर वाटते. तो निळा उजेड कसा होता, ते सांगणारा माणूस मला मिळाला होता आणि हुकला.

तिसऱ्याने शहराच्या मधोमध लोक पोहताना आणि गळ टाकून मासे धरताना पाहिले आणि निष्कर्ष काढला की हे लोक मुळातच स्वच्छ. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस ज्याने लहानपणापासून पाहिला, त्याला हे दृश्य लागणार, हे मी समजू शकतो. पण ‘मुळातच’ हा शब्द खोटा आहे. याच शहरात १८३४ च्या पटकीने हजारो माणसे मेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथले पाणी पोहण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. सांडपाण्यावर पैसा आणि वर्षे खर्च केल्यावर १९७० च्या दशकात माणसे पुन्हा त्यात उतरली. म्हणजे जे दिसले तो स्वभाव नव्हता, ते काम होते. कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने काम ओळखू नये, याचे मला नवल वाटते.

उत्तरेकडच्या या देशांशी मराठी माणसाची ओळख तशी नवी नाही, आणि गंमत म्हणजे ती प्रवासाने झालेली नाही. आगरकरांनी डेन्मार्क न पाहता १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणलेले वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेच्या ब्यर्न्सनच्या नाटकावरून घेतलेले. अनंत काणेकरांचे ‘घरकुल’ इब्सेनच्या नोरावरून. ऑस्लोचे नाव १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया होते, हे ठाऊक नसलेल्या मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तेथल्या दिवाणखान्यातली बायको मात्र आपल्या घरातली वाटली. न जाताही एवढे जवळ जाता येते. आणि जाणारे कोण? धोंडो केशव कर्वे. १९२९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते कोपनहेगनजवळच्या एल्सिनोर गावी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले होते. एल्सिनोर म्हणजे हॅम्लेटचे गाव. फर्ग्युसनमधल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याने मराठीत आणलेल्या त्या राजपुत्राच्या किल्ल्याच्या सावलीत हा गणिताचा शिक्षक दोन आठवडे मुलींच्या शिक्षणाचा विचार करीत बसला, हे चित्र मला फार आवडते. (शिक्षक असल्यामुळे मी पक्षपाती आहे, हे मान्य.)

प्रवासवर्णनाने वाचकाला काय द्यावे, हे मला एका इंग्रज बाईने शिकवले. मेरी वुल्स्टनक्राफ्ट १७९५ साली तान्ह्या मुलीला घेऊन स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये हिंडली. जिच्यावर प्रेम होते त्या माणसाच्या, हरवलेल्या जहाजाच्या कामासाठी ती गेली होती, आणि तो माणूसही तिच्या हातून सुटत चालला होता. तिची पत्रे १७९६ साली छापली गेली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती एका उन्हाळ्यात वाचली. कोपनहेगनजवळ येताना तिला दुरून तंबूंची रांग दिसते. तिला वाटते, छावण्या ठोकण्याची हौस या शहरालाही लागलेली दिसते. जवळ गेल्यावर कळते की नुकत्याच लागलेल्या आगीत घरे गेलेली गरीब कुटुंबे त्या तंबूंत राहत आहेत. लेखिकेने आपला पहिला समज खोडून टाकला असता तर कोणाला कळले असते? तिने तो राहू दिला. तिची चूक आणि ती चूक उमगणे, दोन्ही कागदावर आहेत, आणि त्यामुळेच सव्वादोनशे वर्षांनंतर ते तंबू मला दिसतात.

आपल्याकडे हे नव्हते असे नाही. गोडसे भटजी वरसईहून निघाले ते घरचे कर्ज फेडायला दक्षिणा मिळावी म्हणून, आणि सापडले १८५७ च्या धुमाळीत. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. त्या पुस्तकात भीती आहे, भूक आहे, दक्षिणेचा हिशेब आहे. १९६० च्या ‘अपूर्वाई’त पु. ल. स्वतःच्या फजितीला सामानात बांधून नेतात. पण त्यानंतर त्यांच्या वाटेने गेलेल्या अनेकांनी विनोद तेवढा उचलला, फजिती उचलली नाही. फजिती आपली असावी लागते. ती उसनी मिळत नाही.

आता त्या बाडाविषयी. ते एकशे चाळीस पानांचे आहे. लेखक माझ्या हाताखाली तीन वर्षे शिकला, आता गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आहे, आणि सहा महिने स्टॉकहोमला होता. त्याची शंभर पाने वर वर्णन केलेल्या चौघांसारखीच आहेत. पण ‘वासा’ जहाजाचे प्रकरण निराळे आहे. १६२८ च्या ऑगस्टमध्ये हे राजाचे जहाज पहिल्याच सफरीला निघाले आणि जेमतेम एक मैल न जाता बंदरातच कलंडून बुडाले; १९६१ साली ते वर काढले. वरचा भार फार आणि तळाशी वजन कमी. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे धावायला लावून तपासणी केली होती, आणि जहाज इतके हेलकावू लागले की ती थांबवावी लागली. तरीही जहाज निघाले. हे लिहिताना मुलाची लेखणी एकदम जागी होते. शेरा मारूनही माल पुढे जाताना त्याने पाहिलेले आहे. त्याला त्या तपासणाऱ्याचे तोंड दिसते. येथे सुस्कारा नाही, ‘आपल्याकडे’ नाही. हीच पाने खरी.

आणि त्यापुढचे एक पान त्याने निळ्या शाईने उभे-आडवे खोडलेले आहे. खोडलेले वाचू नये, पण शिक्षकाची सवय जात नाही. संग्रहालयाच्या बाहेर बाकावर त्याच्याबरोबर तेथला एक उतारवयाचा कामगार बसलेला आहे. डिसेंबर आहे, तीन वाजायच्या आत अंधारून आले आहे. तो म्हातारा सांगतो की आमचे मूळ घर दगडाळ जमिनीचे, पणजोबांचे भाऊ अमेरिकेला गेले. (स्वीडनमधून त्या काळात दहा लाखांवर माणसे अशी गेली, मोबेरीने १९४९ ते १९५९ या काळात त्यांच्यावर चार कादंबऱ्या लिहिल्या.) मग तो विचारतो, तुझे वडील काय करतात? आणि आमचा मुलगा सांगतो, शेती करतात. कांदा लावतात. किती एकर, तेही सांगतो.

शेत आता नाही. औद्योगिक वसाहतीत गेले. वडील त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचे रखवालदार आहेत. तिसऱ्या प्रहरीच्या त्या अंधारात आपण खोटे का बोललो, हे मुलाने अर्धे पान स्वतःलाच विचारले आहे, आणि उत्तर न देता पुढे वासाच्या डोलकाठीची उंची लिहिली आहे. मग सगळेच खोडले आहे. डोलकाठी तेवढी पुढच्या पानावर पुन्हा आली.

मी त्याला बोलावून विचारले, हे का काढलेस? तो म्हणाला, ‘सर, ते प्रवासवर्णनात बसत नव्हतं.’

हे वाक्य मला माझेच वाटले. ‘मी केलेला प्रवास’ या निबंधात काय बसते आणि काय बसत नाही, हे त्याला कोणी शिकवले? सातवीच्या वर्गात एका मुलीने लिहिले होते की जेजुरीला जाताना एस्टीत आईला उलटी झाली आणि कंडक्टर ओरडला. मी ती ओळ लाल शाईने काढली आणि समासात लिहिले, ‘निसर्गाचे वर्णन करावे.’ वीस वर्षे मी असे समास भरले आहेत. स्वतःच्या कादंबऱ्यांत मात्र मी कंडक्टरला ओरडू देतो. वरच्या चार लेखांवर मी एवढा वेळ जो राग काढला, त्याच्यापैकी किती माझ्याकडे परत यायला हवा, याचा हिशेब वाचकाने करावा.

मी त्याला म्हटले, ते पान परत घाल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘घातलं तर बाबा वाचतील, सर. मी त्यांचं काम लपवलं हे त्यांना कळेल.’ समीक्षकाजवळ याला उत्तर नसते. पान चांगले आहे, एवढेच त्याला सांगता येते. मध्यरात्रीचा सूर्य त्यानेही लिहिला होता; तो मात्र त्याने माझ्यासमोर दुरुस्त केला, आणि पहिल्यांदाच त्या निळ्या उजेडाविषयी दोन ओळी लिहिल्या. त्या दोन ओळी उत्तम आहेत.

परवा पाडव्याच्या सकाळी त्याचे वडील बाजारात भेटले. रात्रपाळी करून येत होते. अंगावर गणवेशाचा निळा शर्ट तसाच होता. बाड माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणाले, ‘गुरुजी, पोरानं लई लिवलंय म्हणं. आमचं बी काही हाय का त्यात?’

मी म्हटले, ‘आहे. एक पान आहे.’

‘मग छापा की,’ ते म्हणाले, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन कांद्याचा भाव विचारायला पुढे गेले.